एक्केचाळिसावा नमुना

“म्हणजे आमचं परसाकडचं तुम्ही पुण्याला नेणार?”

विचारणारा मागच्या खांबाला टेकून बसला होता. मारुतीच्या देवळाच्या मंडपात सत्तरेक माणसं होती आणि त्यातली निम्मी त्या क्षणी खाली बघून हसू दाबत होती. मी हातातली प्लॅस्टिकची डबी तशीच वर धरून म्हटलं, “हो. बर्फाच्या पेटीतून.”

मग मात्र कुणी हसू दाबलं नाही.

२०१४ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. कराडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत वर्षाच्या कराराने लागले होते. आमचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड होतं. बाजरी-ज्वारी खाणाऱ्या एका गावातले शंभर आणि पुणे शहरातले शंभर, अशा पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांच्या मलाचे नमुने गोळा करायचे, त्यातले जिवाणू ओळखायचे आणि त्यांनी तयार केलेली द्रव्यं मोजायची. गाव ठरलं खटाव तालुक्यातलं हिवरदरा. मी आठवड्याभरापासून तिथं येऊन-जाऊन होते आणि हातात एकही नमुना आला नव्हता.

हसणं ओसरल्यावर मी पुन्हा समजावायला लागले. “आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. आपल्याला न पचलेलं ते खातात आणि त्यातून काहीबाही तयार करून सोडतात. त्यांना भाकरीचा, कडधान्याचा चोथा मिळाला की त्यातले काही असं आम्ल तयार करतात की आतड्याचं अस्तर त्याच्यावरच पोसतं. दुसरे काही पित्तावर काम करतात, आणि त्यातून जे निघतं ते त्याच अस्तराला वर्षानुवर्षं चावत राहतं. कुणाच्या पोटात कोण जास्त आहे, त्यावरून पुढं आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी-जास्त होतो का, हे आम्हाला बघायचंय.”

“म्हंजी गाठ हाय का न्हाय ते कळतं?” डाव्या बाजूला बसलेल्या बायकांतून एकीनं विचारलं. तिचा चेहरा मला दिसला नाही.

“गाठ नाही कळत. पण नमुन्यात रक्त आहे का, तेवढं आम्ही बघतो. सापडलं तर त्या माणसाला कळवतो आणि दवाखान्यात पाठवतो.”

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उठला. सर्जेराव फडतरे. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परतलेले. आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, तसे गावात त्यांनाही सगळे मेजरच म्हणायचे.

“लेहला असताना फौजेच्या डॉक्टरांनी आमचं सगळं तपासलं,” ते म्हणाले. “रक्त, लघवी, परसाकड. कोणी मेलं नाही. लाजायचं काय त्यात? पहिला मी देतो.”

आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “मॅडम, उद्या घरी या.”

गावची आशा सेविका नंदा माने माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात दाबला. मेजरांनी दिलं म्हणजे गाव देणार, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. मुलं पुण्या-मुंबईला, घरात नवरा-बायको दोघंच. मेजर खुर्चीत ताठ बसून माझ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. भाकरी किती, मटण किती वेळा, तंबाखू आहे का, गेल्या तीन महिन्यांत काही औषधं घेतली का. त्यांच्या बायकोनं, अनुसयामावशींनी, चहा आणून ठेवला आणि त्या स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. हाडकुळी, शांत बाई. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला.

“परसाकडला जाताना रक्त वगैरे?”

“नाही,” मेजर म्हणाले. “घड्याळ लावून घ्या माझ्यावर.”

आमच्या कामाचा एक नियम होता. एका घरातून एकच नमुना घ्यायचा, कारण एका छपराखाली राहणाऱ्यांचे, एका तव्यावरचं खाणाऱ्यांचे जिवाणू हळूहळू एकमेकांसारखे होतात. आणि तो कुणाचा घ्यायचा, हे आपण ठरवायचं नाही. घरातल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, त्यांच्यासमोर एक उचलायची. आमच्या प्रमुखांनी, डॉ. हळबे सरांनी, हे आम्हाला तीनदा बजावलं होतं. चिठ्ठ्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. सर्जेराव आणि अनुसया, अशा दोनच चिठ्ठ्या करायच्या होत्या.

मी केल्या नाहीत. मावशींचं नाव निघालं असतं तर देवळात सगळ्यांपुढं ‘पहिला मी’ म्हणणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते? आणि गावाला काय सांगणार होते? फॉर्मवर ‘चिठ्ठी टाकली का?’ असा रकाना होता. त्यात मी ‘होय’ लिहिलं आणि मेजरांची सही घेतली. डबीवर नंबर घातला एक्केचाळीस. चाळीसपर्यंतचे नंबर शहरातल्या पहिल्या नमुन्यांना गेले होते.

निघताना मावशी फाटकापर्यंत आल्या. नंदा पुढं गेली होती.

“ताई, म्या बी दिऊ का येक डबी?”

“नको मावशी. एका घरातलं एकच लागतं.”

“न्हाय, तपासून हुईल म्हनून म्हनलं.”

“पुढच्या वेळी नक्की घेऊ तुमचं,” मी म्हटलं. पुढची वेळ अशी काही ठरलेली नव्हती. मला अजून सहा घरं करायची होती.

त्यानंतरच्या सकाळी साडेसहाला मी बर्फाची पेटी घेऊन हजर. मेजर अंगात स्वेटर आणि गळ्यात मफलर घालून अंगणात उभे होते. “झालं ऑर्डरप्रमाणे,” एवढंच म्हणाले आणि आत बघून हाक मारली. मावशींनी कागदात गुंडाळलेली डबी आणून माझ्या हातात दिली. मी वेळ लिहिली, डबी पेटीत ठेवली. त्याच आठवड्यात तेहतीस घरांनी डब्या दिल्या. महिनाअखेर शंभर भरले. सरांनी फोनवर शाबासकी दिली तेव्हा मी वडूजच्या स्टँडवर उभी होते. मला फार बरं वाटलं.

रक्ताची तपासणी पुण्यात लगेच व्हायची. गावच्या शंभरांपैकी चार नमुन्यांत रक्त निघालं. त्यातला एक एक्केचाळीस.

नियमाप्रमाणे मी चौघांना फोन केले. मेजरांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“माझ्यात रक्त?”

“मूळव्याधीनंही येतं, मेजर. पण दुर्बिणीनं एकदा बघितलेलं बरं.”

“दुखत नाही, खुपत नाही.”

“तरी पण.”

“ठीक आहे,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणताय तर करून टाकू.”

मार्चमध्ये साताऱ्यातल्या एका इस्पितळात तपासणी ठरली. मी मुद्दाम गेले. आदल्या दिवसापासून मेजर नुसत्या पाण्यावर होते, वर ते पोट साफ करायचं खारट औषध. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढा ताठ माणूस, पण हिरवा गाऊन घालून आत जाताना त्यांनी बायकोकडं बघितलं नाही. मावशी बाकावर बसून होत्या. मांडीवर त्यांचे कपडे, त्यावर घड्याळ. मी त्यांच्याशी दोन-तीनदा बोलायला बघितलं. “हं,” यापलीकडं त्या गेल्या नाहीत. भीती वाटत असेल, असं मी धरलं.

पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले. आतडं शेवटपर्यंत स्वच्छ होतं. गाठ नाही, कोंब नाही, मूळव्याधसुद्धा नाही.

“म्हंजी त्यांच्यात कायच न्हाई?” मावशींनी मला विचारलं.

“काहीच नाही, मावशी. चांगली बातमी आहे.”

“आन डबीत रगात हुतं त्ये?”

“कधी कधी चुकतं तपासणीत.”

“चुकतं,” त्या म्हणाल्या. मांडीवरचा सदरा त्यांनी उलगडला आणि परत त्याची घडी केली. नवऱ्याला काही नाही हे कळल्यावर बाईच्या तोंडावर जे दिसायला हवं ते तिथं नव्हतं. मला ते दिसलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

मेजर मात्र बाहेर येईपर्यंत पूर्ववत झाले होते. “मॅडम, तुमच्या मशिनला चष्मा लावा,” म्हणाले, आणि समोरच्या हॉटेलात आम्हा दोघींना मिसळ खायला घेऊन गेले. मावशींनी पाव तेवढा खाल्ला.

मे महिन्याच्या शेवटी हळबे सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. नमुन्यांतल्या डीएनएचे आकडे आले होते. सर पडद्याकडंच बघत होते.

“एक्केचाळीस कोण?”

“सर्जेराव फडतरे, सर. रक्त निघालं होतं, पण दुर्बिणीत काही नव्हतं ते.”

“पुरुष?”

“मेजर आहेत, सर.”

“मग पुरुषाचा वाय क्रोमोसोम कुठं गेला?”

मला लगेच उमगलं नाही. सरांनी खुर्ची वळवली. मलात जिवाणूंचा डीएनए असतो तसा थोडा माणसाचाही असतो, आतड्याच्या झडलेल्या पेशींचा. त्यावरून तो पुरुष की बाई, हे कळू शकतं. दोनशे नमुन्यांत बाकी सगळे बरोबर जुळले होते. एक्केचाळीस नंबर बाईचा होता.

“आणि नुसतं तेवढंच नाही,” सर म्हणाले. “माणसाच्या पेशी इथं नेहमीच्या कितीतरी पट आहेत. अस्तराला पोसणारे जिवाणू जवळजवळ नाहीतच. आणि एरवी तोंडात, हिरड्यांत राहणारी एक जात इथं भरमसाट वाढलीय. ती आतड्यातल्या गाठींवर सापडते. यावरून निदान करता येत नाही, हे तुला माहीत आहे. पण वर रक्तही आहे. घरात बाई कोण आहे?”

“बायको.”

“आज जा,” सर म्हणाले.

साताऱ्यापर्यंत आणि तिथून पुढं वडूजच्या गाडीत बसून मी एकच विचार करत होते. मेजरांनी फसवलं. देवळात छाती काढून बोलले आणि ऐनवेळी लाजले. बायकोला म्हणाले असतील, तू भर. या बाईनं नवऱ्याची अब्रू राखायला तोंड मिटून घेतलं असणार. त्यांना दुखवायचं नाही पण सोडायचंही नाही, अशी वाक्यं मी मनात जुळवत होते.

मी पोहोचले तेव्हा भर दुपार होती. अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि मावशी काठी घेऊन कावळे हाकत सावलीत बसल्या होत्या. मेजर सोप्यात एका जुन्या बाजेची नवार ओढत होते. मला बघून त्यांनी हात पुसले.

“या मॅडम. आता काय, डोळे तपासायचे?”

मी बसले. पाणी प्याले. मग म्हटलं, “मेजर, ती डबी तुम्हीच भरली होती ना?”

“म्हणजे काय?”

“तो नमुना तुमचा नाही, असं तपासणीत आलंय.”

त्यांनी नवारीचं टोक हातातून सोडलं नाही. आवाजही चढवला नाही. “सहा वाजता माझ्या हातानं भरली. मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. हिला सांगितलं, मॅडम आल्या की दे. यात काही खोटं असेल तर सांगा.”

“तो एका बाईचा नमुना आहे.”

मला वाटलं, आता ते हाकलून देतील. पण अंगणातून काठी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मावशी उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“ताई, त्यास्नी नका बोलू,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं न बघता, “तुमचं म्या टाकून दिलं. डबी धुतली आन माझं भरलं.”

“का?”

मेजरांच्या प्रश्नावर मावशींनी पदर सारखा केला. “रगात जातंय.”

“कधीपासनं?”

“दिवाळीच्या आधीपासनं.”

मेजरांनी बोटांवर महिने मोजले. मी बघत होते. सात बोटं झाली.

“कोणाला सांगितलंस?”

“कुनाला सांगू? वडूजच्या दवाखान्यात बापय डाक्टर. नंदीला सांगावं तर तिचा नवरा दिसभर तुमच्यासंगं पारावर.”

“मला सांगायचं.”

“तुम्ही म्हनला असता मूळव्याध हाय, ताक पी.”

मेजरांनी हातातल्या नवारीला एक पीळ दिला.

“ह्या ताईनी देवळात सांगितलं, रगात घावलं तर कळवतो म्हनून. मंग म्या त्यास्नी इचारलं, माझी बी घेता का. त्या म्हनल्या एका घरातलं येकच.” त्या हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. झालं तसं सांगत होत्या. “मला वाटलं, तुमच्या नावानं गोळ्या येतील. त्या मी खाईन. तुमाला दुर्बीण घालत्यात ही काय मला ठावं? तवाच बोलाय पायजे हुतं. पर तवर लई मानसं झाली हुती मधी.”

बाहेर कावळा बाजेवर उतरला. कुणी उठलं नाही.

मेजरांनी आता माझ्याकडं मान वळवली. “एका घरातलं एक. कबूल. पण आम्ही दोघं होतो. मग मीच का?”

हे वाक्य मी मनात जुळवलेल्यांत कुठंच नव्हतं.

“चिठ्ठी टाकायची असते,” मी म्हटलं. “दोघांच्या नावाची. मी टाकली नाही.”

“का?”

“तुम्ही दिलं की गाव देईल म्हणून.”

“आणि कागदावर काय लिहिलं?”

“टाकली म्हणून लिहिलं.”

नवारीचं टोक मेजरांनी बाजेच्या दांडीला नीट गुंडाळून ठेवलं, उठले, आत गेले आणि पायात बूट घालूनच बाहेर आले.

“चला,” बायकोला म्हणाले.

“आवं, कुठं?”

“साताऱ्याला. लुगडं बदल.”

“कुरडया हायत्या भाईर.”

“कावळे खातील,” मेजर म्हणाले. “चल.”

कुरडया मी नंदाला बोलावून आत ठेवायला सांगितल्या आणि त्यांच्यासोबत गेले. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासलं. या वेळी पाऊण तास लागला नाही. गाठ अगदी खालीच होती, गुदद्वारापासून चार बोटं वर. बोटालाही लागत होती. कुणालाही, कधीही, साध्या तपासणीत सापडली असती.

उपचार कराडला झाले. आधी साडेपाच आठवडे किरणं आणि गोळ्या, मग थांबून ऑपरेशन. किरणांच्या दिवसांत दोघं कराडातच आमच्या घरी राहिले. मेजर तयार नव्हते. माझी आई त्यांच्याशी काय बोलली मला माहीत नाही, पण संध्याकाळी ते पिशव्या घेऊन आले. गाठ भिंतीतून बाहेर निघाली होती आणि शेजारच्या दोन ग्रंथींत पोचली होती. यकृतापर्यंत गेली नव्हती. मार्चमध्येच सापडली असती तर त्या ग्रंथी सुटल्या असत्या का, असं मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे उत्तर खरं होतं आणि मला ते पुरलं नाही.

ऑपरेशननंतर चार महिने मावशींच्या पोटावर पिशवी होती. आतडं बरं होईपर्यंत सगळं त्या वाटेनं बाहेर. मावशी नर्सलासुद्धा हात लावू देईनात, रडायला लागल्या. तेव्हा मेजर नर्सच्या शेजारी उभे राहिले, पिशवी कशी काढायची, कातडी कशी पुसायची, भोकाच्या मापानं चकती कशी कापायची, सगळं शिकले आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला क्रमानं लिहून काढलं. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. गावी गेल्यावरही तेच. धुण्याच्या दगडावर उघड्यावर बसून ते पिशवी धुवायचे. पारावरच्या कुणीतरी एकदा नाक मुरडलं म्हणे. मेजर त्याला म्हणाले, “तुझ्या पोटात काय मोगरा आहे का?” हे नंदानं मला फोनवर सांगितलं.

जूनमध्येच मी सरांकडं गेले होते. चिठ्ठ्यांचं सांगितलं. एकट्या फडतऱ्यांकडंच नाही, आणखी दहा घरांत मी तसंच केलं होतं. कुठं वेळ नव्हता, कुठं घरातला पुरुषच पुढं येऊन बसला होता, कुठं बाई ‘मला नको बाई’ म्हणून आत गेली होती आणि मी तिला परत बोलावलं नव्हतं. सर ओरडले नाहीत.

“आधी सांगितलं असतंस तर परत जाऊन टाकल्या असत्या,” ते म्हणाले. “आता सगळं लिहून दे. घराचा नंबर, तारीख.”

मी लिहून दिलं. वर्षाचा करार संपल्यावर तो पुढं वाढवला नाही. मी कराडला परत आले आणि कॉलेजात शिकवायला लागले. अजून तेच करते.

तो शोधनिबंध छापून यायला २०१८ उजाडलं. सरांनी स्वतःहून मला एक प्रत पाठवली, सोबत चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. मी ती घेऊन रविवारी हिवरदऱ्याला गेले. का गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. त्या चार वर्षांत मी सणासुदीला फोन करत होते, मावशींच्या तपासण्या स्वच्छ येत होत्या हे ठाऊक होतं, पण घरी गेले नव्हते.

मावशी अंगानं भरल्या होत्या. शेंगा निवडत बसल्या होत्या आणि त्यांनी मला शेजारी बसवून अर्ध्या शेंगा माझ्यापुढं सारल्या. मेजर खुर्चीत होते. मी कागद काढला आणि थोडक्यात काय निघालं ते सांगितलं. गावच्या लोकांत अस्तराला पोसणारं आम्ल शहरवाल्यांच्या दुपटीच्या आसपास होतं. पित्तापासून होणारी घातक द्रव्यं कमी होती. पण पुढं कुणाला काय होईल, हे सांगायला अजून पुष्कळ वर्षं आणि पुष्कळ माणसं लागतील.

“ह्यात आमचं कुठं हाय?” मावशींनी विचारलं.

ते मी बसमध्येच शोधून ठेवलं होतं. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, एकच वाक्य. मी ते मराठीत वाचून दाखवलं. “दहा नमुने निवडीचा नियम न पाळल्यामुळे आणि एक नमुना देणाऱ्याची ओळख न जुळल्यामुळे वगळण्यात आला.”

“वगळला म्हंजी?”

“मोजला नाही, मावशी.”

मेजर पुढं झुकले. “एवढं रामायण होऊन मोजलाच नाही?”

“ज्यांचं नाव आणि सही आहे त्यांचंच मोजता येतं, मेजर. मावशींची सही नव्हती.”

“आणि ते दहा?”

“ते माझे,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मावशींनी हात पदराला पुसून कागद माझ्याकडून घेतला. उलटा होता, तो मी सुलटा करून दिला.

“कुठली वळ?”

मी बोट ठेवलं. माझं बोट निघाल्यावर त्यांनी तिथं आपलं ठेवलं आणि कागद नवऱ्यापुढं धरला. मेजरांनी खिशातून चष्मा काढला. इंग्रजी त्यांना फौजेत येईल तेवढंच येत होतं. अक्षर अक्षर लावत ते त्या ओळीच्या मध्यापर्यंत आले.

“वन सॅम्पल,” ते म्हणाले.

“व्हय,” मावशी म्हणाल्या. “त्यो माझा.”